रिळांमधली माणसं ओळखणारे आता थोडेच उरलेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या भागातल्या जुन्या घरांत माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर सिनेमाची बारकी रिळं पडून आहेत, आणि त्या रिळांत कोण कोण दिसतंय हे सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढं गेलीत. ह्या दोन्हींची गाठ घालून द्यायची असेल तर आत्ताच घालायला हवी, नंतर रिळं असली तरी उपयोग नाही. पत्र एवढ्यासाठीच लिहितेय, पण नुसतं एवढंच लिहिलं तर कुणी मनावर घेणार नाही, म्हणून आमच्या गल्लीत काय घडलं ते जरा सविस्तर सांगते.

मी बेळगावच्या शहापूरची, एका पतसंस्थेत नोकरीला आहे. बॅरिस्टर नाथ पै हे नाव आम्ही शहापूरवाले उठता बसता घेतो, कारण नाथ पै सर्कल आमच्या रोजच्या वाटेवर. सर्कलला उतर, सर्कलच्या अलीकडं थांब, सर्कलवरनं भाजी घेऊन ये. पुढारी होते, खासदार होते, बोलायचे फार छान, ह्याच्यापलीकडं माझ्या वयाच्या कितीजणांना काय माहीत आहे ते मला सांगा. माझ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला ते स्वातंत्र्यसैनिक होते ना, आणि गप्प बसला. चूक नाही त्याची, पण तेवढंच.

आमच्या ओळखीचं एक घर आहे, पूर्वी त्यांचं साड्यांचं दुकान होतं. तो वाडा आता पाडायला काढलाय, तिथं अपार्टमेंट होणार. सामान हलवताना बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आठ मिलिमीटरची रिळं सापडली. आजोबांना कॅमेऱ्याचा नाद होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं पण चित्रं कुणी पाहिली नव्हती, कारण प्रोजेक्टर कधीच मोडीत गेलेला. नातवाने ती रिळं पुण्याला नेऊन स्कॅन करून आणली आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. घरचं एक लग्न, गोकाकचा धबधबा, कपिलेश्वर तलावावरचं गणपती विसर्जन, अंगणात कावरीबावरी झालेली पोरं. आणि त्याच्या मधेच, कुठलीही ओळख नाही की पाटी नाही, एक सभा.

त्या सभेचा तुकडा अर्ध्या मिनिटाचा सुद्धा नसेल. मांडवाच्या खांबाला कर्णा बांधलाय, डाव्या बाजूला सतरंजीवर बायका बसल्यात, मागं धोतर-टोपीतली माणसं उभी आहेत आणि पुढं माईकसमोर पांढऱ्या कपड्यातला एक माणूस बोलतोय. मधेच कुणाचंतरी डोकं आडवं येतं, मग कॅमेरा थोडा वर होतो आणि तो माणूस परत दिसतो. उजवा हात खांद्याच्या वर नेऊन तो तिथंच क्षणभर थांबवतो आणि मग सावकाश खाली आणतो, आणि तो हात खाली येईपर्यंत पुढच्या रांगेतलं कुणीही हललेलं नाही, पदर सावरत नाही, पोराला दटावत नाही. आवाज नाही. ह्या आठ मिलिमीटरच्या फिल्मवर त्या काळी सहसा आवाज नसायचाच.

आता हे पण समजून घ्या की त्या कॅमेऱ्यात पंचवीस फुटांचं रीळ बसायचं, एक बाजू संपली की सावलीत उघडून उलटं बसवायचं, मग दुसरी बाजू, आणि धुऊन आल्यावर मधोमध कापून जोडलेलं, सगळं मिळून जेमतेम चार मिनिटं. फिल्म महाग, धुवायला बाहेरगावी पाठवायची. म्हणजे घरचं लग्न चार मिनिटांत बसवणाऱ्या माणसाने एका भाषणाला एवढी फिल्म दिलीय, आणि ती सुद्धा जे भाषण त्यात ऐकूच येणार नाही त्याला. दुकानदार माणूस, हिशेबाला पक्का असणार. त्याला तो माणूस जपून ठेवावासा वाटला, दुसरं काय.

ग्रुपवर कुणी म्हणालं एसेम जोशी आहेत, कुणी म्हणालं छे छे, यशवंतराव चव्हाण. तिघाचौघांनी अंगठे दाखवले आणि विषय संपला. माझ्या काही ते डोक्यातनं जाईना, म्हणून मी शेजारच्या आक्कांकडं टॅब घेऊन गेले. आक्का लहानपणी समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जायच्या, लग्नानंतर पण सभा कधी चुकवल्या नाहीत, आता गुडघ्यांमुळे घरातच असतात. चेहरा त्यांना नीट दिसत नव्हता, टॅब डोळ्यांजवळ नेला, परत लांब धरला. आणि तो हात वर गेला तशी आक्का म्हणाल्या, "अगं हा नाथ की! हात बघ ना त्याचा."

मी म्हटलं कोण नाथ. तर त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या की काय सांगू. "आपला नाथ, पै. बॅरिस्टर." पंतप्रधानांसमोर उभं राहून बोलणारा माणूस, इंग्लंडमधनं बॅरिस्टर होऊन आलेला, आणि ह्या त्याला अरे-तुरे करत होत्या कारण तो त्यांच्या दृष्टीने इथलाच होता. जन्म वेंगुर्ल्याचा, २५ सप्टेंबर १९२२ चा, पण शिकायला बेळगावात, चळवळीत पडला तो इथंच, १९४२ ला तुरुंगात गेला. हे सगळं आक्कांनी व्हिडिओवरचा डोळा न काढता सांगितलं.

मग मी व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवायला लागले आणि खरी गंमत तिथनं पुढं. सतरंजीवरच्या बायकांत दुसऱ्या ओळीत आक्कांची थोरली बहीण निघाली. गळ्यात मंगळसूत्र नाही. बहिणीचं लग्न १९६३ सालचं, म्हणजे सभा त्याच्या आधीची. तांब्या-भांडं घेऊन कडेनं जाणारा पोरगा कुणाचा ते सांगितलं. मागं खांबाला टेकून उभा असलेला एकजण कन्नड घरातला, त्यांचं किराणा दुकान होतं आणि नाथचं भाषण असलं की तो दुकान लवकर बंद करून यायचा, असं आक्का म्हणाल्या. फाईलवर फोनने आपला आपण घातलेला आकड्यांचा लांबलचक नंबर होता, त्या जागी एका दुपारीत माणूस, गाव, साधारण काळ, आणि चार जणांची नावं आली. कुठल्याही सॉफ्टवेअरला हे जमणार नव्हतं. तो हात ओळखायला तिथं बसलेलं असावं लागतं.

आक्कांनी नाथ पैंचं शेवटचं भाषण पण ऐकलेलं आहे. १७ जानेवारी म्हणजे आपला हुतात्मा दिन, १९५६ ला त्या दिवशी बेळगावात मराठी आंदोलकांवर गोळीबार झाला, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात. नाथ पै निवडून यायचे राजापूरमधनं, म्हणजे कोकणातनं, पण सीमाभागाची सभा म्हटली की येणार. १७ जानेवारी १९७१ ला आले, बोलले. आणि १८ तारखेला हृदयविकाराने गेले, इथंच, बेळगावात. वय अठ्ठेचाळीस. आक्का त्या सकाळचं सांगताना म्हणाल्या की गल्लीत बातमी आली तेव्हा चूल पेटवलेली होती, कुणीतरी ती विझवली आणि त्या दिवशी घरात काही शिजलं नाही, कुणी तसं ठरवलं नव्हतं. ह्याच्यावर मी जास्त काही लिहीत नाही.

आक्कांकडनं आल्यापासून मला एकच लागून राहिलं की हा माणूस बोलत काय होता. बोलण्यासाठी नावाजलेला माणूस आणि आपल्या हाताला लागतो तो मुका. तर संपादक साहेब, हे तुमच्या वाचकांना नक्की कळवा की संसदेची डिजिटल लायब्ररी आहे, लोकसभेच्या अगदी पहिल्यापासूनच्या चर्चा तिथं स्कॅन करून ठेवल्यात, पैसे पडत नाहीत, मोबाईलवर पण उघडतं. पानं कुठं कुठं पुसट आहेत आणि सर्चमध्ये नाव घातलं तर हवं ते पान मिळेलच असं नाही, पण तारीख माहीत असली की सापडतं. तिथं छापलेलं असतं, श्री नाथ पै, पुढं कंसात राजापूर, आणि मग दोन-दोन रकान्यांत ते काय बोलले ते. मधे कंसात व्यत्यय, परत भाषण, परत व्यत्यय, अध्यक्षांची सूचना, परत भाषण. इंग्रजी जड आहे, मला डिक्शनरी घेऊन बसावं लागलं, पण वाचायला लागलं की तो वर गेलेला हात डोळ्यासमोर येतो आणि वाटतं हं, इथं थांबले असणार.

१९५७, १९६२ आणि १९६७, तिन्ही वेळा राजापूरमधनं प्रजासमाजवादी पक्षाचे खासदार. त्याच्या आधी आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्ष, पत्नी क्रिस्टल ऑस्ट्रियाच्या. परराष्ट्र धोरण, गोवा, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा १९६० चा संप, कोकणची रेल्वे, सगळ्यावर बोललेत. कोकण रेल्वे पूर्ण धावायला १९९८ उजाडलं, त्यांच्यानंतर राजापूरमधनं निवडून आलेल्या मधू दंडवत्यांनी तो विषय लावून धरला हे आपल्याला माहीत आहे, पण ती मागणी त्यांच्याकडं कुणाकडनं आली होती ते आपण विसरलो.

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते त्यांच्या घटनादुरुस्ती विधेयकाने, त्यावर जरा लिहू द्या. पंजाबातल्या गोलकनाथ कुटुंबाच्या जमिनीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २७ फेब्रुवारी १९६७ ला सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला की मूलभूत हक्क काढून घेणारी किंवा कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्याच वर्षी नाथ पैंनी खासगी, म्हणजे सरकारचं नसलेलं, विधेयक आणलं की घटनेतलं कुठलंही कलम, मूलभूत हक्कांसकट, दुरुस्त करायचा अधिकार संसदेला आहे हे स्पष्ट लिहा. विरोधी पक्षाचा एक खासदार, मागं बहुमत नाही, आणि देशभरचे वकील, न्यायाधीश, खासदार त्याच्या विधेयकावर वाद घालताहेत. संयुक्त समिती बसली, चर्चा लांबल्या. १९७० च्या डिसेंबरात लोकसभा बरखास्त झाली तोवर विधेयक काही संमत झालं नाही, आणि पुढच्याच महिन्यात ते गेले.

मग १९७१ ला सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली, गाभा तोच. आणि १९७३ ला केशवानंद भारतींच्या खटल्यात कोर्ट म्हणालं की संसदेला दुरुस्ती करता येईल, मूलभूत हक्कांत पण करता येईल, फक्त घटनेच्या मूळ चौकटीला धक्का लावता येणार नाही. हे केशवानंद भारती कासरगोडच्या एडनीर मठाचे, आणि कासरगोड म्हणजे परत सीमाभागच, तिथले कन्नड लोक केरळात राहून आपल्यासारखंच भांडत आलेत. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव कर्नाटकात ठेवायला सांगितलं त्याच अहवालात कासरगोडचा भाग कर्नाटकाला द्यायला सांगितलं होतं. असो, विषय तो नाही.

विषय हा की बेचाळीस साली तुरुंग बघितलेला, जन्मभर माणसाच्या हक्कांसाठी बोललेला माणूस मूलभूत हक्कांना हात लावायचा अधिकार संसदेसाठी का मागत होता? मी जेवढं वाचलं त्यावरनं मला असं दिसतं की लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहावर त्यांचा फार मोठा विश्वास होता, जमिनीसारख्या प्रश्नात गरिबाला न्याय द्यायचा तर शेवटचा शब्द लोकांच्या प्रतिनिधींचा पाहिजे असं त्यांना वाटायचं. पण ते गेल्यावर चारच वर्षांनी, १९७५ ला आणीबाणी आली, हक्क गोठवले गेले, त्यांचे जवळचे सहकारी तुरुंगात गेले, दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते, आणि त्याच संसदेने माना डोलावल्या. नाथ पै असते तर काय बोलले असते? आपलं विधेयक परत वाचून बघितलं असतं का? मला अजून ह्याचं उत्तर मिळालेलं नाही, त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटलंय असं पण म्हणवत नाही. पण ज्याच्याशी डोक्यातल्या डोक्यात वाद घालावासा वाटतो असा पुढारी मला चाळीशी ओलांडल्यावर, आमच्याच चौकात सापडला ह्याचा मला फार आनंद आहे, आणि इतकी वर्षं कुणी ओळख करून दिली नाही ह्याचं वाईट पण वाटतं.

आता मूळ मुद्द्याकडं येते.

सरकारी फिल्म्स डिव्हिजन १९४८ ला सुरू झालं, त्याची बातम्यांची रिळं पूर्वी प्रत्येक टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी दाखवायची सक्ती होती. आक्कांच्या पिढीने ग्लोबमध्ये, इतर टॉकीजमध्ये ती सगळी बघितलीत. त्यात धरणं, कारखाने, पंतप्रधानांचे दौरे, पाहुणे राष्ट्रप्रमुख, पूर, क्रिकेट. त्याचं मोल आहेच, मी नाही म्हणत नाही. पण ते सरकारी खातं, त्याचा कॅमेरा साहजिकच मंत्र्यामागं फिरणार. राजापूरचा विरोधी खासदार म्हैसूर राज्यातल्या एका गावात सीमाप्रश्नावर बोलतोय, तिथं कोण कशाला सरकारी कॅमेरा आणेल? त्या सभेचं चित्रण असलंच तर ते अशा एखाद्या हौशी दुकानदाराने, डॉक्टरने, नाहीतर कॅम्पातल्या एखाद्या मिलिटरीवाल्याने केलेलं असणार. म्हणजे आपल्या भागाचा १९५६ नंतरचा हलता इतिहास दिल्ली-मुंबईच्या गोदामात नाही, तो निपाणी, खानापूर, येळ्ळूर, टिळकवाडी, कॅम्प, शहापूरच्या माळ्यांवर आहे. गोवा मुक्तीच्या वेळी सत्याग्रहींच्या तुकड्या बेळगावातनं जायच्या, त्यांना निरोप देताना कुणी कॅमेरा चालवलाच नसेल असं मला नाही वाटत. १९२४ च्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाची शंभरी २०२४ ला भरली, गांधीजींचे फोटो सगळीकडं लागले, छान झालं. पण त्याच्या नंतरचं बेळगाव कुठं बघायचं?

आणि हे फक्त मराठी घरांबद्दल नाही. कन्नड घरांत, कोकणी घरांत, मुस्लिम घरांत, कॅम्पातल्या ख्रिश्चन घरांत पण कॅमेरे होते आणि सभा, मिरवणुका, लग्नं तीच होती. त्या किराणा दुकानदाराच्या नातवंडांना आम्ही शोधतोय, आजोबांचं हलतं चित्र त्यांच्याकडं एकही नसणार. सीमेचा वाद सुप्रीम कोर्टात २००४ पासून चालू आहे तो तिथं चालू दे, रिळं शोधायला तो आडवा येऊ नये.

पुण्याला रिळं नेलेल्या त्या नातवाने स्कॅनिंगवाल्याकडनं समजून घेतलेलं थोडं इथं लिहिते, कारण नेमकं ह्यातच लोक घाई करतात. जुन्या फिल्मचा डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म आतनं कुजायला लागलीय असं समजायचं, उष्णता आणि दमटपणाने ते वाढतं, आणि आपल्याकडचा पावसाळा तर तुम्हाला माहीतच आहे. असा डबा दुसऱ्या डब्यांपासून वेगळा ठेवायचा. उन्हात वाळवायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं नाही, आणि मुख्य म्हणजे कुणाकडंतरी जुना प्रोजेक्टर आहे म्हणून उत्साहाने त्यात घालायचं नाही, फिल्म आकसलेली असते, दातऱ्यांत अडकून भोकं फाटतात आणि एका मिनिटात सगळं जातं. दात नसलेल्या स्कॅनरवर स्कॅन करून घ्यायची आणि स्कॅन झाल्यावर मूळ रीळ टाकून द्यायचं नाही. डब्यावर, पाकिटावर शाईने काही लिहिलेलं असलं तर त्याचा आधी फोटो काढायचा. पुण्यातल्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्याच जुन्या फिल्म २००३ ला आग लागून जळून गेल्या, तर आपल्या माळ्यावरच्या डब्याचं काय घेऊन बसलात.

दुसरी गोष्ट आवाजाची. १९७० च्या आसपास काही घरांत, काही संस्थांत स्पूलचे टेपरेकॉर्डर आले होते. नाथ पैंच्या सभांचं रेकॉर्डिंग कुणी केलं असेल तर ती स्पूलं पण बाहेर काढा. १७ जानेवारी १९७१ चं भाषण कुणाकडं असेल तर, मी हात जोडून सांगते, ते घरात ठेवू नका.

आणि तिसरं, हे मला जरा कडक शब्दांत लिहायचंय. आमच्या ग्रुपवरच्या एका मुलाने उत्साहाने सुचवलं की मावशी, एआयने रंग घालूया, आणि आवाज पण घालता येतो आता, दुसऱ्या कुठल्यातरी भाषणाचा मजकूर टाकला की ओठ पण हलतात. मुलगा चांगला आहे, मदत करायलाच बघत होता. पण मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं आणि आक्कांनी तर टॅबच उलटा ठेवला. मेलेल्या माणसाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालायचा हक्क कुणाला नाही, आणि शब्दासाठीच जो जगला त्याच्या तोंडी तर नाहीच नाही. आज प्रेमाने घालाल, उद्या निवडणुकीत कुणीतरी त्यांच्याच तोंडून स्वतःचा प्रचार करून घेईल, आणि खरं ऐकलेली माणसं तोवर नसतील. चित्र मुकं आहे तर मुकं राहू द्या. शेजारी नाव, गाव, साल लिहा, लोकसभेतलं भाषण वाचायचं तर वेगळं छापा. रंग सुद्धा नको माझ्या मते, पण रंगावरनं मी भांडणार नाही.

नावं लिहिण्याची पण एक रीत आम्ही करता करता बसवली ती सांगते. म्हाताऱ्या माणसाला एकदम कोण आहे असं विचारायचं नाही. आधी नुसतं बघू द्यायचं, तीन-चार वेळा, बोलू द्यायचं, आवाज फोनवर रेकॉर्ड करायचा. मग एकेक चेहरा थांबवायचा. एकाने सांगितलेलं नाव दुसऱ्याला आधी सांगायचं नाही, दोघांकडनं वेगवेगळं आलं की पक्कं धरायचं, एकाकडनंच आलं तर तसं लिहायचं. आमच्या सभेतल्या नाथ पैंची खात्री पण आक्कांनंतर वडगावच्या एका निवृत्त मास्तरांकडनं अशीच करून घेतली, त्यांना काही न सांगता. त्यांनी पण पहिला हातच ओळखला.

तर संपादक साहेब, तुमच्याकडनं दोन गोष्टी हव्यात. तुमचा पेपर आमच्या भागात घरोघरी जातो, व्हॉट्सॲपवर नसलेली म्हातारी माणसं तो भिंगातनं का होईना पण रोज वाचतात, म्हणून हे तुम्हालाच जमेल. एक, आठवड्यातनं एकदा, रविवारी म्हणा, अशा रिळांमधलं एक थांबवलेलं चित्र छापा, मोठं छापा, चेहरे दिसतील असं, आणि खाली विचारा की ह्यात कोण आहे. सुरुवातीला आमच्या गल्लीतली चित्रं देते, घरवाल्यांनी परवानगी दिलीय. लग्नाची नाही, फक्त सार्वजनिक ठिकाणची. दुसरं, ज्यांच्या घरी रिळं किंवा स्पूलं आहेत त्यांनी नावं नोंदवायची ती तुमच्या कचेरीत नोंदवायची सोय करा. रिळं आणून द्यायची नाहीत, ती घरातच राहू देत, फक्त कुणाकडं काय आहे त्याची एक वही. स्कॅनिंगचा खर्च कसा करायचा ते आमची गल्ली आणि आमच्यासारख्या दुसऱ्या गल्ल्या वर्गणी काढून बघतील, गणपतीला काढतो तशी. एखाद्या वाचनालयाने मूळ प्रती ठेवायची जबाबदारी घेतली तर फारच उत्तम.

सभेच्या चित्रातल्या दोन माणसांची नावं अजून लागलेली नाहीत. एक म्हणजे व्यासपीठाच्या पायरीवर बसून वहीत काहीतरी लिहून घेणारा चष्मेवाला तरुण, बहुतेक बातमीदार असावा, कदाचित तुमच्याच व्यवसायातला. आणि दुसरी, बायकांच्या पहिल्या ओळीत मांडीवर पोर घेतलेली, नाकात मोठी नथ असलेली बाई. ह्या पत्राबरोबर ते चित्र जोडलंय. छापता आलं तर ह्याच रविवारी छापा, आक्का पंच्याऐंशीच्या आहेत आणि त्यांना ती नावं कळायला हवी आहेत.

आपली नम्र,
एक वाचक, शहापूर, बेळगाव